मेस्त्रींना विचारा: अंगणात थेंब न सांडता पिकअपचं ऑइल कसं बदलायचं?

प्रश्न: मेस्त्री काका, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. रताळी आणि भाजी बेळगावच्या मार्केटला न्यायला जुनी डिझेल पिकअप घेतलीय. गेल्या खेपेला भावाने अंगणातच इंजिन ऑइल बदललं. काम झालं, पण सारवलेलं अंगण माखलं, पायरीवर काळे पाय उमटले, आणि विहीर तिथून पंधरा पावलांवर. आता आई म्हणते, ऑइलचं काम घरात नको. पण दर वेळी त्यासाठी गाडी बेळगावला नेऊन अर्धा दिवस घालवणंही परवडत नाही. न सांडता हे काम घरी होतं का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: होतं की. पण आधी मी तुमच्या आईंच्या बाजूने बोलतो. सारवलेल्या जमिनीत मुरलेलं ऑइल पाण्याने धुऊन जात नाही. तुमच्याकडे जूनमध्ये पाऊस एकदा लागला की तेच पाण्याबरोबर उताराला लागतं, आणि उताराला एक तर विहीर असते नाही तर भाताचं खाचर. तेव्हा पहिलं काम जागेचं. विहिरीच्या वरच्या अंगाला गाडी लावायचीच नाही. घराच्या दुसऱ्या बाजूला सपाट आणि टणक जागा बघा. जागा उताराची असली तर जुनं ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, एका कोपऱ्यात साचून राहतं, आणि नवं भरल्यावर गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीही खोटं बोलते.

आता सांडण्याचं बघू. बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात माझी उमर गेली. हाताखाली शिकायला आलेल्या पोरांना मी पहिल्यांदा हेच दाखवत असे की ऑइल नेमकं कुठे सांडतं. चेंबरचा ऑइल सोडायचा नट सैल करताना सांडत नाही. नटाचा शेवटचा आटा सुटतो त्या क्षणी सांडतं. त्यानंतर फिल्टर काढताना. आणि सगळ्यात जास्त सांडतं ते काम संपल्यावर, भरलेला डबा गाडीखालून ओढून दुसरीकडे नेताना. तुमच्या पायरीवरचे काळे पाय तिथलेच असणार. या तीन जागांची तयारी आधी केली की मधलं काम सोपं आहे.

खाली अंथरायला जुना फ्लेक्स घ्या. वाढदिवसाचे, निवडणुकीचे फ्लेक्स गावागावांत पडलेले असतात, त्यातला न फाटलेला बघा. इंजिनाखाली तो पसरा आणि चारी कडांखाली विटा सरकवून कडा वर उचला, म्हणजे उथळ हौद तयार होतो. त्यात भाताचं तूस किंवा वखारीतला लाकडाचा भुसा बोटभर पसरा, वर गोणपाट. चुकून वाटीभर ऑइल पडलं तरी ते तुसात जिरतं, जमिनीला लागत नाही. नुसतं वर्तमानपत्र अंथरणारे पुष्कळ आहेत, पण कागद ऑइल धरत नाही, खाली सोडतो. तुमच्या पाठीला ओल लागेपर्यंत कळतही नाही.

ऑइल धरायला घमेलं घेऊ नका. घमेलं उथळ असतं, ओढलं की हिंदकळतं. घरी पंधरा किलोचा गोडेतेलाचा पत्र्याचा डबा असेल तो घ्या. आडवा ठेवा, त्याचं तोंड वरच्या अंगाला येऊ द्या, आणि तळापासून साधारण पाच इंच उंची ठेवून वरचा भाग पत्रा कापायच्या कात्रीने उडवा. धारेची कड पक्कडीने आत मुडपून हातोडीने ठोका, नाहीतर बोटं कापतील. एका कोपऱ्याला पक्कडीने चिमटा देऊन चोच काढा, ओतताना तीच कामाला येते. अशा डब्यात दहा लिटरच्या आसपास मावतं. तुमच्या गाडीला किती ऑइल लागतं ते गाडीच्या पुस्तकात असतं. डब्यात त्याच्या दीडपट तरी मावलं पाहिजे. काठोकाठ भरलेला डबा कोणाच्याच हातून न सांडता निघत नाही. कापण्याआधी गाडीखाली काठी घालून चेंबरची उंची मोजा. डबा खाली सरकून वर हात फिरायला जागा उरली पाहिजे.

सामानात नटाच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना, फिल्टर पाना, नवं फिल्टर, नटाचा नवा वायसर (नटाखालची चकती), नरसाळं, चिंध्या आणि रबरी हातमोजे. फिक्स पान्याने चेंबरचा नट खोलू नका. त्याची दोनच तोंडं नटाला लागतात, नट गोल होतो, मग छिन्नी-हातोडीशिवाय निघत नाही आणि चेंबरला तडा जायची भीती. वायसर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. आवळल्यावर तो चेपतो आणि त्यामुळेच गळती थांबते. एकदा चेपलेला पुन्हा तसा बसत नाही. किरकोळ किमतीचा वायसर जुनाच लावला म्हणून महिनाभर थेंब थेंब गळणाऱ्या कितीतरी गाड्या माझ्याकडे आल्या. तुमची पिकअप उभी असते तिथे खाली काळा ठिपका दिसत असेल तर आधी वायसर बघा.

गाडीखाली जाण्याआधी दोन शब्द, आणि हे माझ्याखातर तरी पाळा. पिकअप उंच असते, जॅक लावायची गरज बहुधा पडत नाही. पडलीच, तर नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, हातभर आतसुद्धा नाही. स्टँड लावायचे, ते नसतील तर काम दुसऱ्या दिवशी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. घरातलं पोर हौसेने स्टार्टर मारतं, असं व्हायला नको.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन उतरतं. मार्केटहून आल्या आल्या मात्र खोलू नका. तेव्हाचं ऑइल हात भाजून काढतं, आणि चेंबरच्या शेजारून जाणारा सायलेन्सरचा पाईप त्याहून तापलेला असतो. या वेळात इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण आणि आजूबाजूची लाल धूळ कापडाने पुसा, मग झाकण उघडून त्याच्यावर स्वच्छ फडकं टाका. वरून हवा मिळाली की खालची धार एकसारखी पडते, गचके घेत उडत नाही.

आता नट. खालून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पान्याने सैल करा, मग पाना बाजूला ठेवा. पुढचं सगळं बोटांनी. नट फिरवताना तो वर, म्हणजे चेंबरकडे दाबून धरा. शेवटचा आटा सुटला की बोटांना समजतं, नट हलका लागतो; तरीही दाब सोडू नका. डबा नीट आहे ना बघा, आणि मग नट झटक्यात बाजूला, धारेच्या वाटेतून बाहेर घ्या. घाबरत घाबरत घेतलात तर ऑइल मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं. नट चेंबरच्या बाजूला असेल तर पहिली धार सरळ खाली पडत नाही, हातभर पुढे जाते. म्हणून डबा नटाच्या बरोबर खाली न ठेवता धारेच्या दिशेने पुढे ठेवायचा, आणि धार मंदावली की हळूहळू मागे घ्यायचा. वारा असेल तर शेवटची बारीक धार वाकडी होऊन डब्याबाहेर पडते. त्या अंगाला पुठ्ठा उभा करा.

थेंब थेंब व्हायला लागलं की चहा घेऊन या. घाई नको.

आल्यावर नट निरखून बघा. काही नटांना लोहचुंबक असतो. त्यावर काळपट बारीक पीठ असणं स्वाभाविक आहे. चमकणारे पत्रीसारखे तुकडे दिसले तर ते बेअरिंगचं दुखणं असू शकतं, लगेच मेस्त्रीला दाखवा. डब्यातलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. मग नवं ऑइल ओतून पैसे घालवू नका, आणि गाडी चालवूही नका. नट पुसून नवा वायसर घालून आधी बोटांनी पूर्ण बसवा. बोटांनी जात नसेल तर आटा वाकडा चाललाय, उलटा काढून पुन्हा लावा. शेवटी पान्याने पक्का आवळा, पण पान्याला पाईप लावून जोर काढू नका. चेंबरचे आटे गेले तर सगळा चेंबर उतरवायची पाळी येते.

फिल्टर ही खरी घाणीची जागा. त्याच्या पोटात पाव-अर्धा लिटर ऑइल अडकलेलं असतं, आणि फिल्टर आडवा बसवलेला असेल तर सैल करताच ते इंजिनाच्या अंगावरून ओघळतं. यावर जाड प्लास्टिकच्या पिशवीसारखा उपाय नाही; खताच्या पोत्याच्या आतली पिशवी चांगली. फिल्टर पान्याने फक्त अर्धा आटा सैल करा, पाना काढा, पिशवी खालून वर फिल्टरवर चढवून वरची कड हाताने आवळून धरा, आणि पिशवीच्या आतच फिल्टर फिरवून काढा. ओघळ, फिल्टर, सगळं पिशवीत. खाली बेल्ट किंवा वायरी असतील तर आधी चिंधीने झाका. बेल्टला ऑइल लागलं की तो घसरतो आणि रबर खराब होतं. काही इंजिनांत डब्याचं फिल्टर नसून आतला कागदी गाभा बदलायचा असतो. तिथे फिल्टरच्या घराचं झाकण सावकाश उघडा आणि सोबत आलेली नवी रबरी रिंग न विसरता घाला.

जुन्या फिल्टरचं रबर त्याच्याबरोबर निघालं का, हे बोट फिरवून बघा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवं फिल्टर बसलं, तर गाडी सुरू करताच प्रेशरने सगळं नवं ऑइल बाहेर येतं, तेही चालू गाडीत. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवं ऑइल लावा, हाताने रबर टेकेपर्यंत फिरवा आणि त्यापुढे फिल्टरवर लिहिलंय तेवढंच, साधारण पाऊण आटा. पाना लावून आवळू नका.

ऑइल भरताना मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, मग गेज बघत बघत पुरं करा. गाडी सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. ॲक्सिलरेटर न देता मिनिटभर चालवा, खाली वाकून नट आणि फिल्टर बघा, बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा गेज. खालच्या-वरच्या खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वर भरू नका. क्रँक त्या ऑइलला घुसळते, फेस येतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

राहिला भरलेला डबा. तो उचलून घरभर फिरू नका. नवं ऑइल ज्या कॅनमधून आलं तेच रिकामे कॅन फ्लेक्सच्या आत आणून ठेवा, मोठ्या तोंडाचं नरसाळं लावा आणि चोचीतून सावकाश तिथेच ओता. माप आपोआप जुळतं. कॅनवर रंगाने ‘जुनं’ असं ठळक लिहा. फिल्टर बारा तास पालथं घालून निथळू द्या, निथळलेलं त्याच कॅनमध्ये. तूस आणि चिंध्या पोत्यात बांधून वेगळ्या ठेवा, चुलीत घालू नका, तो धूर घरात नको. हा सगळा माल पुढच्या मार्केटच्या खेपेला गॅरेजात द्या. जळकं ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं आणि ते राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या माणसालाच द्यायचं असतं. मोठ्या गॅरेजांकडे असे लोक बॅरल न्यायला येतात. तुमचं गॅरेज कुणाला देतं, एवढं विचारून घ्या. कॅन रिकामे झाले की त्यांना भोक पाडा. चांगल्या कंपनीचे धड कॅन भंगारातून जातात आणि बनावट ऑइल भरून परत बाजारात येतात.

आधीच्या डागाचं: काळी झालेली माती फावड्याने खरवडून काढा, खाली स्वच्छ माती लागेपर्यंत. ती पोत्यात भरून त्याच चिंध्यांबरोबर द्या. नवी माती घालून चोपा आणि आईंना सारवू द्या. वरून सारवून डाग झाकला तर पावसाळ्यात पुन्हा वर येतो.

प्रश्न: गेल्या आठवड्यात ऑइल बदललं आणि दोन दिवसांत गेजवर काळं दिसायला लागलं. दुकानदाराने जुनंच ऑइल दिलं की काय?
— निपाणीचे वाचक, पिकअपवर तंबाखूची वाहतूक

उत्तर: डिझेल गाडीत हे होतंच, काळजी करू नका. डिझेल जळताना काजळी तयार होते, ती पकडून स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. शिवाय चेंबरच्या तळाशी आणि नळ्यांमध्ये जुनं ऑइल थोडं राहतंच, ते नव्याला रंग देतं. उलट डिझेल इंजिनात हजार किलोमीटरनंतरही ऑइल सोनेरी दिसलं तर मी विचारात पडेन. रंग बघून बदलू नका, पुस्तकातलं अंतर बघून बदला. फक्त तुमच्यासारखी पूर्ण वजनावर चालणारी, मातीच्या रस्त्यावर जाणारी, नाही तर चोर्ला घाट चढणारी गाडी ‘कठीण वापर’ या रकान्यात मोडते, आणि त्या रकान्यातलं अंतर कमी असतं. बहुतेकांनी पुस्तकाचं ते पान उघडलेलंच नसतं. गेजवरची पातळी आपोआप वर चढतेय आणि डिझेलचा वास येतोय, असं झालं तर मात्र मेस्त्रीला दाखवायला वेळ लावू नका, डिझेल ऑइलमध्ये उतरतंय.

प्रश्न: मेस्त्री, आमची पिकअप बीएस-६ आहे, मिस्टर भाजी नेतात, हिशेब आणि सर्व्हिसचं मी बघते. गावातले म्हणतात, पंधरा-चाळीस कुठलंही घाला, सगळं सारखंच. खरं का?
— एक वाचक, यळ्ळूर

उत्तर: नाही ताई, तुमच्या गाडीला ते चालणार नाही. १५डब्ल्यू४० हा नुसता पातळ-घट्टपणाचा आकडा आहे: पहिला थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. ऑइलमध्ये काय मिसळलंय ते त्यावरून समजत नाही. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. जुन्या प्रकारच्या ऑइलमधली राख तिच्यात साठत जाते, गाडी पळवली तरी ही राख जळत नाही, आणि जाळी बदलायचा खर्च तुमचा अख्खा हंगाम खाईल. पुस्तकात जो दर्जा छापलाय, सीके-४ किंवा कमी राखेचा दुसरा कुठला, तीच अक्षरं कॅनच्या मागच्या बाजूला वाचा आणि तोच घ्या. दुकानदार ‘त्याच्यासारखंच’ म्हणाला तरी अक्षरं जुळली पाहिजेत. गाडी वॉरंटीत असेल तर तोवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या आणि बिलं जपून ठेवा. पुढे इंजिनाचं काही निघालं तर तीच बिलं मागतात.

प्रश्न: जुनं ऑइल गोठ्याच्या खांबांना लावलं तर वाळवी लागत नाही, असं आमचे आजोबा करायचे. गॅरेजला फुकट देण्यापेक्षा तसं वापरलं तर काय बिघडलं?
— हुक्केरी तालुक्यातील वाचक

उत्तर: तुमच्या आजोबांच्या वेळी सगळेच करायचे, आमच्या घरीही बैलगाडीच्या साट्याला लागायचं. वाळवी काही दिवस दूर राहते हेही खरं. पण इंजिनात फिरून आलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंची पूड असते आणि अर्धवट जळालेल्या डिझेलची विषारी द्रव्यं असतात. गोठ्याचा खांब म्हशी अंग घासायला वापरतात आणि वासरं चाटतात. ते त्यांच्या पोटात जातं. ज्यांच्या हाताला ते वर्षानुवर्षं लागतं त्यांच्या कातडीलाही ते बरं नाही, म्हणून मी वर हातमोजे सांगितले. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना काळं ऑइल लावणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगतो.

वाळवी मातीतून चढते. तेव्हा खांबाचा पाय मातीतून बाहेर काढा. खाली दगडाची नाही तर सिमेंटची वीतभर बैठक द्या आणि खांब तिच्यावर बसवा. वाळवीला मग दगडावरून मातीची नळी बांधत चढावं लागतं, ती डोळ्यांना दिसते, आणि धार काढायला जाता-येता झाडूच्या दांड्याने मोडून टाकता येते. खांबाला टेकून शेण, कडबा, जुनी लाकडं रचू नका, त्यांच्या आडून वाळवी चढते. जे खांब आधीच ऑइल पाजलेले आहेत, त्यांना जनावराच्या तोंडाच्या उंचीपर्यंत पत्रा किंवा फळी ठोकून घ्या, आणि दावणीची जागा त्या खांबांपासून लांब करा.